घरबसल्या ऑनलाइन विक्री : जुना कोट आणि नवी पैठणी



गणपतीची आरती झाली, पाने उचलली गेली, की आमच्या हॉलच्या स्वयंपाकघरात जी बैठक भरते तीच खरी मंडळाची सर्वसाधारण सभा! (कार्यकारिणीने मनावर घेऊ नये; आम्हीही कार्यकारिणीतच आहोत.) पूर्वी तिथे घरांच्या किमती, व्याजाचे दर आणि मुलांची ग्रामर स्कूलची परीक्षा हे ठरलेले विषय असत. गेली दोन-तीन वर्षे त्यात एकाची भर पडली आहे. "तू विन्टेडवर काही विकलंस का गं?" कुणी मुलांचे आखूड झालेले कोट विकले, कुणी कार बूट सेलमध्ये चार पौंडांना उचललेला खेळ पंधराला घालवला, कुणी पुण्याहून येताना पाच साड्या जास्त आणल्या आणि त्या इथे हातोहात गेल्या. आणि मग आवाज जरा खाली आणून पुढचा प्रश्न येतो. "पण हे सगळं एचएमआरसीला कळतं म्हणे. खरं का?"

खरे आहे. पण त्याबद्दल जे व्हॉट्सअॅपवर फिरते त्यातले निम्मे चुकीचे असते, आणि ज्याची खरी काळजी करायला हवी त्याबद्दल कुणीच बोलत नाही. म्हणून हा लेख. आम्ही कर-सल्लागार नाही आणि वकील तर नाहीच. स्वतः थोडेफार विकून, थोडेफार हात पोळून घेतलेली सामान्य माणसे आहोत, एवढे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

नवा कर नाही, नवा उजेड आहे

१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमधल्या ऑनलाइन विक्रीच्या संस्थळांना आपल्या विक्रेत्यांची माहिती एचएमआरसीला कळवावी लागते. एका कॅलेंडर वर्षात एखाद्याने ३० किंवा जास्त वस्तू विकल्या, किंवा त्याला २,००० युरोंपेक्षा (म्हणजे साधारण १,७०० पौंडांपेक्षा) जास्त रक्कम मिळाली, की त्याचे नाव यादीत जाते. नावाबरोबर पत्ता, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, बँक खाते आणि दर तिमाहीची रक्कमसुद्धा. पहिली यादी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत पोचली. त्याआधी वर्षभर "जोडधंद्यावर नवा कर" अशा बातम्यांनी धुरळा उडवला होता, तेव्हा एचएमआरसीला खुलासा करावा लागला की नवा कर वगैरे काही नाही. कायदा जुनाच आहे. पूर्वी दिसत नव्हते ते आता दिसते, इतकेच.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. यादीत नाव गेले म्हणजे कर लागला असे नाही, आणि नाव गेले नाही म्हणजे सुटलो असेही नाही. समजा, एका घरात मुलांचे जुने ४५ कपडे विकले गेले, मिळाले सगळे मिळून १९० पौंड. नाव यादीत जाणार, कर शून्य. शेजारच्या घरात भारतातून विकण्यासाठी आणलेल्या १२ साड्या गेल्या, मिळाले १,४०० पौंड. नाव यादीत जाणार नाही, पण एचएमआरसीला स्वतःहून कळवण्याची जबाबदारी मात्र आहे!

असे का? कारण कोट घेतला तो थंडीत घालायला. तो लहान झाला, विकला, आणि घेतल्या किमतीपेक्षा कमीच मिळाले. हा धंदा नव्हे. पैठणी घेतली तीच मुळी विकण्यासाठी, चार पैसे सुटावेत म्हणून. हा पहिल्या साडीपासून धंदा. तुमच्या लग्नातली पैठणी कपाटात पडून आहे म्हणून विकलीत, तर तो पुन्हा कोटच. खरेदी करताना मनात काय होते, किती वेळा विकता, माल दुरुस्त करून, सजवून विकता का, विकून आलेल्या पैशात पुन्हा माल भरता का, अशा खुणांवरून हे ठरते. चॅरिटी शॉपमधून पुस्तके उचलून विकणारा "जुनी पुस्तके तर विकतोय" म्हणाला तरी तो व्यापारीच. वस्तू जुनी की नवी याला महत्त्व नाही.

धंदा असेल तर ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात पहिले १,००० पौंड माफ आहेत. मात्र हे एक हजार एकूण विक्रीचे, नफ्याचे नव्हेत, ही चूक आमच्या ओळखीत किमान चार जणांनी केली. शिवाय साड्या, शनिवारची तबल्याची शिकवणी आणि दिवाळीच्या चकल्या या सगळ्यांना मिळून एकच हजार. प्रत्येकाला वेगळा नाही. विक्री त्यापुढे गेली की त्या करवर्षानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी नोंदणी करायची आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरण भरायचे. मार्च २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की या संसदेच्या मुदतीत ही विवरणाची मर्यादा ३,००० पौंडांवर नेऊ. त्यावरून "आता तीन हजारांपर्यंत कर नाही" असा संदेश आम्हालाही तीनदा आला. तसे नाही. सवलत हजाराचीच, त्यावरचा कर द्यायचा असेल तर तो द्यायचाच, फक्त पूर्ण विवरणाची कटकट कमी होईल, असा तो प्रस्ताव होता.

हजारापुढे गेल्यावर एक निवड असते. हजाराची सरसकट वजावट घ्या किंवा खरा खर्च दाखवा. खरेदी-विक्रीच्या धंद्यात मालाचाच खर्च मोठा असतो. वर्षाची विक्री २,४०० आणि खर्च १,९०० असेल तर खऱ्या हिशोबाने नफा ५००, आणि सरसकट वजावटीने १,४००! पण खर्च दाखवायला पावत्या हव्यात. कार बूट सेलवाला पावती देत नाही. त्यासाठी वहीत तारीख, ठिकाण, वस्तू, किंमत लगेच लिहायची सवय लावावी आणि ती वही विवरणाच्या ३१ जानेवारीनंतर पाच वर्षे जपावी.

खाते कुणाच्या नावावर?

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाकघरातल्या बैठकीत "काय विकायचं" यावर तासभर चर्चा होते. "कुणाच्या नावावर विकायचं" हा प्रश्न कुणी विचारतच नाही. नवऱ्याचे ईबे खाते आधीपासून असते, बँक खाते त्याचे असते, मग त्यावरच सुरू करतात. आणि नवरा असतो स्किल्ड वर्कर व्हिसावर!

या व्हिसावर ज्या कंपनीने प्रायोजित केले तिथले काम करायचे असते. आठवड्याला २० तासांपर्यंत जादा कामाची एक मर्यादित सवलत आहे, पण ती ठरावीक व्यवसायांतल्या कामाला. आपले ऑनलाइन दुकान तिच्यात बसते असे कुणीही गृहीत धरू नये. एखाद्याला वाटतच असेल की बसते, तर त्याने नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराचे लेखी मत घ्यावे, आमच्यासारख्यांचे तोंडी नव्हे. स्टुडंट व्हिसावर तर स्वतःचा धंदा करण्यास सरळ मनाई आहे. "कर भरतोय ना, मग कायदेशीरच" असे एका मुलाने आम्हाला ऐकवले. कर भरल्याने व्हिसाची अट बदलत नाही. उलट आपणच आपल्या हाताने लिहून दिलेला पुरावा तयार होतो.

दुसऱ्या बाजूने, ज्यांना आपण सहज "डिपेंडंट" म्हणतो आणि ज्या स्वतःलाही बऱ्याचदा "मी काय, डिपेंडंट" असे म्हणतात, त्यांना स्किल्ड वर्कर व्हिसाच्या घरात नोकरी करता येते आणि स्वतःचा धंदाही. (व्यावसायिक खेळाडू म्हणून तेवढे काम करता येत नाही, आमच्या मंडळाचा क्रिकेट संघ पाहता तो धोका नाही.) म्हणजे पुष्कळ घरांत दुकान काढण्याची मोकळीक असते ती नेमकी बायकोला, आणि खाते असते नवऱ्याच्या नावाने. ग्रॅज्युएट व्हिसावरही स्वयंरोजगार चालतो. इथे कायमचे वास्तव्य किंवा नागरिकत्व मिळालेल्यांना अर्थातच काही बंधन नाही.

घरच्या जुन्या वस्तू विकणे हे काम नव्हे. त्यासाठी कुणी घाबरू नये. पण माल भरून विकायचा असेल तर खाते, बँक, एचएमआरसीची नोंदणी, सगळे ज्याला परवानगी आहे त्याच्याच नावावर हवे, आणि ते नुसते नावापुरते नको. बायकोच्या नावाचे खाते आणि खरेदी, फोटो, हिशोब, पार्सल सगळे नवऱ्याचे, ही पळवाट आम्ही सुचवणार नाही.

हे एवढे ताणून का सांगतो? मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने कायमच्या वास्तव्याची सर्वसाधारण मुदत ५ वरून १० वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हापासून कित्येक घरांत झोप उडालेली आम्ही पाहिली. अर्ज करताना मागच्या सगळ्या वर्षांचा हिशोब द्यायचा असतो. त्यात महिन्याला साठ-सत्तर पौंडांच्या दुकानापायी व्हिसाची अट मोडल्याचा प्रश्न उभा राहणे, ही आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक आहे.

आणि आई-बाबा! सहा महिन्यांसाठी आलेल्या आई मोठ्या हौसेने पंधरा साड्या आणतात आणि मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर मांडतात. व्हिजिटर व्हिसावर लोकांना थेट वस्तू विकण्यास मनाई आहे. कौतुकाचा भाग वेगळा, पण हे बंद व्हायला हवे.

बॅगेतल्या साड्या

भारतातून येताना वैयक्तिक वापराच्या ३९० पौंडांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात, हे सर्वांना पाठ आहे. विकण्यासाठी आणलेल्या मालाला ही सवलत मुळीच नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. पाच साड्या असोत की पन्नास, तो व्यापारी माल. तो जाहीर करावा लागतो. ठरावीक किमतीपर्यंतच्या मालासाठी ऑनलाइन साधी नोंद करून शुल्क भरता येते, म्हणजे रीत फारशी अवघडही नाही. तसेच "गिफ्ट लिहून पाठव" हा सल्ला. ३९ पौंडांपर्यंतची भेट व्हॅटमुक्त असते ती खऱ्या भेटीला. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने तुम्हाला पाठवलेला माल ही भेट कशी होईल?

आता हिशोब पाहू. समजा पाच साड्या, प्रत्येकी ५० पौंडांना पडलेल्या. कुरियर ५० पौंड. ३०० पौंडांवर २० टक्के व्हॅट म्हणजे ६० पौंड. सीमाशुल्क शून्य धरले तरी एक साडी ७२ पौंडांना पडली. ती ९५ ला विकली. व्यापारी खात्यावर संस्थळाचे शुल्क १२ टक्के धरा, म्हणजे ११.४० पौंड, टपाल ५ पौंड. उरले ६ पौंड ६० पेन्स! त्यात फॉलचा दोरा येईल.

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हा आमच्याकडे आनंदाचे संदेश आले, "आता साड्या स्वस्त!" करार सीमाशुल्काबद्दल आहे. वरच्या हिशोबात सीमाशुल्क आम्ही मुळात धरलेलेच नाही. व्हॅट राहतोच, आणि वर्षाला ९०,००० पौंडांच्या आतली उलाढाल असलेला, व्हॅटची नोंदणी नसलेला छोटा विक्रेता तो परत मागू शकत नाही. कराराचा फायदा मोठ्या आयातदाराला आधी. आपल्या पाच साड्यांना नंतर, आणि थोडाच.

म्हणून आमचा कल असा की सुरुवात भारतातल्या मालाने करूच नये. इथेच मिळणारा, हलका, न फुटणारा, टपालाच्या पेटीत मावणारा माल घ्यावा. आमच्यातल्या एकीने फक्त शाळेचे गणवेश आणि सुस्थितीतले बोर्ड गेम्स घेतले आणि तिचे चालले. कारण सोपे आहे. तिला स्वतःची दोन मुले आहेत. कुठल्या शाळेचा ब्लेझर किती दिवसांत फाटतो आणि कुठल्या खेळातला कुठला तुकडा नेहमी हरवतो, हे तिला पाठ आहे. बाजाराचे ज्ञान म्हणतात ते हेच असावे.

तरी चार पौंडांच्या खेळाचाही हिशोब ऐका. विक्री १५, खरेदी ४, संस्थळाचे शुल्क २, टपाल साडेतीन, खोका-टेप ५० पेन्स. उरले ५. वेळ? शोधणे, तुकडे मोजणे, पुसणे, फोटो, वर्णन, "हा पूर्ण आहे का?" या प्रश्नाला तीनदा उत्तर, पोस्टाची फेरी, मिळून सहज पाऊण तास. म्हणजे तासाला सात पौंडांच्या आत. देशाचे किमान वेतन तासाला १२ पौंडांच्या वर आहे. एकावेळी दहा खेळांचे फोटो काढले, आठवड्यातून दोनदाच पोस्टात गेले, तर वेळ निम्म्यावर येतो आणि गणित बसते. एकेक वस्तू विकत बसले तर बसत नाही.

आमची फजिती

१ ऑक्टोबर २०२४ पासून ईबेने ब्रिटनमधल्या खाजगी विक्रेत्यांचे विक्रीशुल्क (वाहने सोडून) काढून टाकले. विन्टेडवर शुल्क खरेदीदारच देतो. त्यामुळे माल भरून विकणाऱ्यालाही "खाजगी" खाते ठेवण्याचा मोह होतो. मोह टाळावा. व्यापारी असून ग्राहक असल्याचे भासवणे हे ग्राहक कायद्याने चुकीचे आहे. व्यापारी म्हटले की खरेदीदाराला १४ दिवसांत कारण न देता माल परत करण्याचा हक्क, सदोष मालाला ३० दिवसांत नकार देण्याचा हक्क आणि तुमचा पत्ता उघड, हे सगळे आले. पत्त्याचा मुद्दा विशेषतः दिवसभर घरी एकट्या असणाऱ्यांनी आधी विचारात घ्यावा. पैसे देऊन टपालाचा वेगळा पत्ता घेता येतो.

आमच्यापैकी एकीने हा धडा एका साडीवर घेतला. साडी गेली, बाराव्या दिवशी परत आली, ती फॉल-बीडिंग करून! घडीत अक्षता. म्हणजे कुणाचे तरी लग्न छान पार पडले होते. वापरलेल्या मालाची घटलेली किंमत कापून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पण त्यासाठी परतीच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आधी लेखी दिलेली हवी. आम्ही दिली नव्हती. पूर्ण पैसे परत गेले आणि ती साडी आता आमच्याच कपाटात आहे. (नशिबाने रंग चांगला आहे.)

काही वस्तूंच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. उटणे, काजळ, घरचे तेल ही सौंदर्यप्रसाधने; त्यांना सुरक्षा-तपासणीचा अहवाल आणि इथला जबाबदार व्यक्ती-संस्थेचा पत्ता लागतो. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भातुकली हे आपल्याला कौतुक, पण विकायला काढले की खेळण्यांचे सुरक्षा-नियम आणि चिन्ह. घरचे लाडू-चकल्या विकायच्या तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी, जी फुकट आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग करायचेच कशाला? आम्ही करावे असेच म्हणू, पण पैशापेक्षा वेगळ्या कारणासाठी. इथे येऊन चार-पाच वर्षे घरात गेलेल्या, भारतात बँकेत नाहीतर शाळेत नोकरी केलेल्या किती तरी जणी आमच्या मंडळात आहेत. स्वतःच्या नावाची विक्री, स्वतःच्या नावाचे विवरण, स्वतःचे बँक खाते, याने मुलाखतीत "या वर्षांत काय केलंत?" या प्रश्नाला उत्तर मिळते. दुसरे कुठले उत्पन्न नसेल तर १२,५७० पौंडांपर्यंत आयकरही नाही. आणि एक गोष्ट फारच कमी जणींना माहीत असते. स्वयंरोजगाराची नोंदणी असेल आणि नफा थोडाच असेल, तर स्वेच्छेने क्लास २ नॅशनल इन्शुरन्स भरता येतो, आठवड्याला साधारण साडेतीन पौंड. त्याने ते वर्ष सरकारी पेन्शनसाठी धरले जाते. नवे पेन्शन मिळायला किमान १० वर्षे लागतात. इथे जन्मलेल्या आयांना लहान मुलाच्या चाइल्ड बेनिफिटच्या अर्जामुळे ही वर्षे आपोआप मिळतात. आपल्यापैकी ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीची मनाई आहे, त्यांना तो अर्ज करता येत नाही. वर्षाला १८०-१९० पौंडांत पेन्शनचे एक वर्ष! खेळ विकून तेवढे सुटले तरी त्या दुकानाने आपले काम केले असे आम्ही समजू.

दिवाळी मेळाव्याच्या टेबलांबद्दल कार्यकारिणीने जे ठरवले आहे ते इथेच कळवतो. टेबल मागणाऱ्याने स्वतःला इथे धंदा करण्याची परवानगी असल्याचे लिहून द्यायचे आहे, खाद्यपदार्थवाल्यांनी कौन्सिलच्या नोंदणीचा कागद जोडायचा आहे, आणि पाहुण्या आई-बाबांच्या नावाने टेबल दिले जाणार नाही. घरच्या जुन्या वस्तू, पुस्तके आणि लहान झालेले कपडे विकण्यासाठी मागच्या भिंतीलगतची चार टेबले यंदा विनामूल्य ठेवली आहेत.